कडकडून विरोध

"मॅडम, भानू सर तो गाडी में बैठ गये."

फोनवर लखनसिंग ड्रायव्हर इतक्या खात्रीनं बोलला, की क्षणभर भानुमतीलाही वाटलं, बसले असतील बुवा.

ती लक्ष्मीबाई नगरच्या गेटसमोर उभी होती. डिसेंबरचं धुकं असं, की समोरचा गुलमोहर आहे की नाही हे आठवणीवर विश्वास ठेवून ठरवावं. ऑफिसला पोचायला उशीर झाला तर नीरज बत्रा कपाळाला आठ्या घालणार, आणि प्रोबेशनवर असलेल्या माणसाला आठ्यासुद्धा लेखी वाटतात.

"भैया, भानू मैं हूँ."

 मग लखनसिंगचा खाली आलेला आवाज, "तो फिर ये कौन हैं?"

दिल्लीत भानू हे पुरुषाचं नाव. पणजीचं नाव पणतीला ठेवताना देवस्थळींच्या घरात हा विचार कुणी केला नव्हता. पूर्ण नाव सांगावं, तर समोरचा माणूस हटकून "अच्छा! भानुमती का पिटारा!" (वाट्टेल ते निघणारी जादूची पेटी) म्हणे, आणि हा विनोद जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचलाय अशा नजरेनं तिच्याकडे बघे. हा विनोद करणारी माणसं तिनं कधी मोजली नव्हती; सहन करणारी मात्र ती एकटीच होती.

गाडी धुक्यातून उलटी आली. मागच्या सीटवर एक तरुण लॅपटॉपची बॅग मांडीवर गच्च धरून बसला होता. मफलर कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारलेली. कुणा मामीनंच बांधला असणार. चष्म्यावर वाफ.

"सॉरी हां," तो घाईघाईनं म्हणाला. "ड्रायव्हर ने पूछा, धनू जी? मैंने बोला, हाँ. मेरे को लगा, मामाने ऑफिस में घरचंच नाव देऊन ठेवलंय."

वाक्य हिंदीत निघालं होतं, वाटेत कुठंतरी घरी पोचलं.

"मराठी?" भानुमतीनं विचारलं.

"हो."

"मग माझा आणि हिंदीचा असा एकदम छळ का?"

त्यानं चष्मा काढला, मफलरनं पुसला, परत घातला आणि तिच्याकडे नीट बघितलं. जरा जास्तच नीट. "सुधन्वा काटकर," तो म्हणाला. "घरी धनू. तुम्ही बसा ना. गाडी तुमचीच आहे."

गाडी कंपनीची होती. कंपनी नोएडाची होती, खाणींतला गाळ उपसणारे पंप बनवणारी. आणि सुधन्वा काटकर, मूळचे बार्शीचे, त्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर म्हणून त्याच दिवशी रुजू होत होते. मुक्काम मामांकडे, भानुमतीच्या मागच्याच ब्लॉकमध्ये. लखनसिंगला दोन फेऱ्यांऐवजी एकच फेरी पडू लागली आणि तो या चुकीकडे फार लवकर उदार नजरेनं बघू लागला.

*

भानुमतीचं काम स्पॅनिशचं. चिलीतल्या एका तांब्याच्या खाणीला पंप विकायचे होते. माहितीपुस्तिका स्पॅनिशमध्ये करायची, पत्रव्यवहार सांभाळायचा आणि खाणीची माणसं आली की दुभाषी म्हणून मध्ये बसायचं. सौदा झाला की तिची नोकरी पक्की होणार होती. असं नीरजसर म्हणाले होते, म्हणजे असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

नीरजसर कंपनीचे डायरेक्टर. त्यांनी कधीतरी एका मॅनेजमेंट कोर्सला जाऊन 'स्ट्रेन्युअस' हा शब्द आणला होता. कोर्सची बाकी फी वाया गेली असावी, पण हा शब्द त्यांनी पुरेपूर वसूल केला. पंपाची चाचणी स्ट्रेन्युअस. कामगारांची मेहनत स्ट्रेन्युअस. स्पर्धकांचे आरोप कंपनी स्ट्रेन्युअसली नाकारते. एकदा कँटीनमध्ये त्यांनी चहासुद्धा स्ट्रेन्युअस मागितला होता, आणि त्यांना तो कडक मिळाला होता; कँटीनवाल्याला भाषेची उत्तम जाण होती.

"अडलंय कुठं?" एका सकाळी बारापुल्ल्याच्या पुलावर सुधन्वानं विचारलं. गाडी उभी होती. बारापुल्ल्यावर सकाळी गाड्या चालवत नाहीत, ठेवतात.

"विशेषणावर." भानुमतीनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "डिक्शनरीत स्ट्रेन्युअसला पहिला शब्द आहे 'आर्दुओ'. मी सगळीकडे तोच टाकला. आता वाचलं तर कळलं, मी असं लिहिलंय की कंपनी आरोप नाकारते, पण... नाकारताना कंपनीला फार कष्ट पडतात."

"मग खरं तेच लिहिलंय की."

ती हसली नाही. हसण्याच्या बेतात आली आणि खिडकीबाहेर बघू लागली. सुधन्वाला हे दिसलं, आणि आपल्याला ते दिसलं हे तिला कळलं असावं, अशी त्याला शंका आली.

"आर्दुओ म्हणजे काय, ते सांगा. मराठीत सांगा."

"म्हणजे... डिफिकल्ट. खूप मेहनतवाला. रस्ता वगैरे असतो तसा."

"खडतर."

"हां! खडतर!" तिनं शब्द जिभेवर फिरवून पाहिला. "हा आजी म्हणायची. आणि दुसरा आहे 'एक्स्तेनुआन्ते'. जीव जाईस्तोवर थकवणारा. व्यायाम, पायऱ्या..."

"दमछाक करणारा. आणि आरोप नाकारायचा शब्द?"

"'एनेर्खिको'. जोरदार. म्हणजे कामाला किती त्रास पडला ते नाही, माणसानं किती जोर लावला ते."

सुधन्वा विचारात पडला. पुढचा टेम्पो वीतभर सरकला. लखनसिंगनं तेवढं अंतर कर्तव्यबुद्धीनं भरून काढलं.

"मग सोपंय," तो म्हणाला. "खडतर असतं ते काम. दमछाक होते ती आपली. आणि जोर लावून जे करायचं ते कडाडून. इंग्रजीत एकाच डब्यात भरलंय, म्हणून गोंधळ झाला. मराठीत डबे वेगळे आहेत."

"कडा... काय?"

"कडाडून. वीज कडाडते ना, तसं."

भानुमतीचं मराठी घरातलं होतं. दिल्लीत वाढलेल्या मुलीला स्वयंपाकघरातले सगळे शब्द येतात आणि अंगणातले येत नाहीत, कारण क्वार्टरला अंगण नसतं. तिनं मान डोलावली, माहितीपुस्तिकेत तीन ठिकाणी तीन विशेषणं बसवली, आणि संध्याकाळी परतताना नवा शब्द मोठ्या हौसेनं वापरून टाकला.

"मी स्पॅनिश घेतलं ना, तेव्हा बाबांनी कडकडून विरोध केला होता."

सुधन्वानं मफलर तोंडावर ओढला. त्याचे खांदे हलत होते.

"काय झालं?"

"काही नाही. फार प्रेमळ दिसतात तुमचे बाबा."

"प्रेमळ? अहो, ते मंत्रालयात अंडर सेक्रेटरी आहेत!"

यावर तो आणखीच हलला. कारण मात्र त्यानं सांगितलं नाही.

*

कारण समजायला पंधरवडा गेला. एव्हाना दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते. त्याचं श्रेयही स्पॅनिशला. तिनं त्याला 'उस्तेद' म्हणजे तुम्ही आणि 'तू' म्हणजे तूच, असं शिकवलं. "उच्चारसुद्धा तोच?" त्यानं विचारलं. "तोच." "मग म्हणून दाखव." "तू," ती म्हणाली. "नक्की स्पॅनिशमध्ये म्हणालीस ना?" तो म्हणाला. ती खिडकीची काच पुसू लागली. मात्र त्यानंतर 'उस्तेद' कुणी वापरला नाही.

आय.एन.ए. मार्केटच्या बाजूला शकरकंदीवाल्याजवळ ती लखनसिंगला गाडी थांबवायला लावी. सुधन्वा शकरकंदीला "रताळं" म्हणे. "शकरकंदी म्हण, नाहीतर तो देणार नाही." "देईल की. रताळ्याला काय कळतंय आपल्याला काय म्हणतात ते." लिंबू पिळलेल्या गरम फोडी एकाच द्रोणात, काड्या दोन. शेवटची फोड कुणीच घेत नसे. ती गार व्हायची, मग दोघं एकदमच काडी खुपसायचे.

अशाच एका संध्याकाळी तो म्हणाला, "त्या चिलीच्या खाणीतल्या बाई, सिन्योरा ओलिव्हारेस, तुला मेलच्या शेवटी काय लिहितात ते? उन फुएर्ते..."

"उन फुएर्ते आब्रासो. आब्रासो म्हणजे मिठी. तिकडे असंच लिहितात, फॉर्मल आहे ते."

"मिठी आणि फॉर्मल?"

"तिकडे आहे. इकडे नाही." ती जरा जास्तच चटकन म्हणाली.

"आणि फुएर्ते म्हणजे? एनेर्खिको?"

"छे. मिठीला एनेर्खिको लावलं तर कुस्ती होईल. फुएर्ते म्हणजे घट्ट... जोरात... मराठीत काय म्हणतात?"

"कडकडून," सुधन्वा म्हणाला. "कडकडून मिठी मारतात. भूकही कडकडूनच लागते."

भानुमतीची काडी द्रोणातच राहिली. "थांब. मग त्या दिवशी मी... बाबांनी..."

"हो."

"विरोध?"

"कडाडून. विरोध कडाडून करतात."

"आणि तू तेव्हा बोलला नाहीस!"

"इतकं छान दृश्य होतं. अंडर सेक्रेटरी, हातात फाईल, मुलीला गच्च धरून सांगताहेत, स्पॅनिश नको."

तिनं त्याला काडीनं टोचलं. टोचताना तिचा हात त्याच्या मनगटावर राहिला होता आणि तो काढायचं निमित्त कुणालाच सापडत नव्हतं. शेवटी लखनसिंगनं हॉर्न वाजवला.

*

जानेवारीत खाणीची माणसं यायची ठरली, आणि त्यांच्याआधी त्यांची अट आली. पंप घेऊ, पण वाळवंटातल्या खाणीवर तुमचा एक इंजिनिअर दोन वर्षं राहिला पाहिजे.

नीरजसरांनी भानुमतीला केबिनमध्ये बोलावलं.

"देखो भानू, कल हम ऑब्जेक्ट करेंगे. स्ट्रेन्युअसली."

"जी सर."

"लेकिन उतना भी नहीं."

"उतना म्हणजे... कितना, सर?"

"इतना, कि उनको लगे हमने बडी मुश्किल से कुछ दिया. फिर हम दे देंगे."

"क्या देंगे?"

नीरजसरांनी तिच्याकडे आश्चर्यानं बघितलं. "सुधन्वा को. और कौन है? शादी हुई नहीं, नया है, स्ट्रेन्युअस काम कर लेता है. बस, बाहर बात नहीं जानी चाहिये. तुम्हारा कन्फर्मेशन भी इसी हफ्ते देखना है ना?"

दिवाळीत सुकामेव्याच्या डब्यावर एक छोटा डबा मोफत मिळतो, तसा सुधन्वा पंपांवर मोफत जाणार होता. डब्याला कुणी विचारत नाही.

अटीची बातमी सुधन्वापर्यंत पोचली होती. नावाची अजून नव्हती. तरी त्यानं अंदाज केलाच. त्या संध्याकाळी शकरकंदीवाल्याजवळ गाडी थांबली नाही. थांबवा, असं कुणी म्हटलं नाही.

"मला पाठवतील असं वाटतं," तो म्हणाला.

भानुमती हातमोज्याचा सुटलेला धागा ओढत होती. धागा येत होता, मोजा लहान होत होता.

"तुला काय वाटतं?" त्यानं विचारलं.

आता बोलायला हवं होतं, हे तिला समजत होतं. पण देवस्थळींच्या घरात विरोध करत नसत; विरोध 'नोंदवत' असत. आईला फ्रीजचा रंग आवडला नाही तेव्हा बाबा म्हणाले होते, "तुझं म्हणणं नोंद घेण्यासारखं आहे." फ्रीज तोच आला. बाबांचा स्पॅनिशला विरोध तरी काय होता? रात्री जेवताना ते इतकंच म्हणाले होते, "पुनर्विचार व्हावा." भानुमतीनं आयुष्यात आवाज चढवला असेल तर तो मेट्रोच्या सुरक्षारक्षकाला ऐकू जावं म्हणून.

"चांगली संधी आहे," ती म्हणाली.

"बिल्कुल," सुधन्वा म्हणाला.

यमुना येऊन गेली. धुक्यात ती दिसली नाही, नुसता वास आला.

*

सिन्योरा ओलिव्हारेस साठीच्या होत्या. केस पांढरे, आखूड, आणि चष्मा साखळीनं गळ्यात. खाणीची सगळी खरेदी त्यांच्या हाती. सोबत एक तरुण इंजिनिअर, तो बोलत नव्हता, लिहीतही नव्हता, फक्त समोसे कशाचे आहेत ते पाहत होता. टेबलाच्या या बाजूला नीरजसर, मध्ये भानुमती, टोकाला सुधन्वा. पंपाबद्दल विचारलं तर उत्तर द्यायला म्हणून त्याला बसवलं होतं.

पंपांचं झालं. किमतीचं झालं. मग सिन्योरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, आता माणसाचं बोलू.

नीरजसरांनी टाय सारखा केला. टेबलावर दोन्ही तळवे टेकले. आणि इंग्रजीत, प्रत्येक शब्दावर वजन देत म्हणाले, "वुई स्ट्रेन्युअसली ऑब्जेक्ट."

भाषांतराला मिळतो तो वेळ श्वासाएवढा असतो. त्या श्वासात भानुमतीला तिन्ही डबे समोर दिसले.

'आर्दुओ' लावलं तर अर्थ होणार होता, आम्हाला विरोध करायला फार जड जातंय. भाषा म्हणून ते चूक होतं, पण नीरजसरांच्या मनात नेमकं तेच होतं. सिन्योरा हसल्या असत्या, सौदा झाला असता, सुधन्वा गेला असता. 'एनेर्खिको' भाषा म्हणून शंभर टक्के बरोबर होतं, पण नीरजसरांच्या मनात ते नव्हतंच. ते दुसऱ्याच कुणाच्या मनात होतं. चुकीचं विशेषण नीरजसरांचं खरं बोलत होतं. बरोबर विशेषण तिचं.

तिनं टोकाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"नोस ओपोनेमोस एनेर्खिकामेन्ते!"

शब्द बरोबरच होता. आवाज मात्र तिनं ठरवला होता त्यापेक्षा बराच वर गेला. समोसा पाहणाऱ्या इंजिनिअरनं समोसा खाली ठेवला. कोपऱ्यातल्या एअर प्युरिफायरचा हिरवा दिवा लाल झाला. तो अर्थात योगायोग.

सिन्योरांनी चष्मा काढला. साखळीवर सोडला. नीरजसरांकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या भानुमतीकडे पाहत होत्या. मग हळूच, अगदी सौजन्यानं विचारलं,

"किएन से ओपोने? उस्तेद... ओ ला एम्प्रेसा?"

विरोध कुणाचा आहे? तुमचा, की कंपनीचा?

"क्या बोल रही हैं?" नीरजसर.

 दुभाष्यानं सगळं सांगायचं असतं, स्वल्पविरामासकट. तिला हे शिकवलं होतं. परीक्षेत तिनं त्याचं उत्तरही लिहिलं होतं.

"पूछ रही हैं... क्या कंपनी का विरोध है?"

प्रश्नाचा अर्धा भाग तिनं गिळला. 

नीरजसर घाबरले. आवाज ऐकूनच त्यांना वाटलं होतं, सौदा गेला. "अरे नहीं नहीं! बोलो, कंपनी इज फ्लेक्सिबल. टू इयर्स, नो प्रॉब्लेम."

तिनं सांगितलं. कंपनी लवचिक आहे. दोन वर्षं चालतील.

"ला एम्प्रेसा, सी," सिन्योरा म्हणाल्या. कंपनीचं म्हणणं समजलं. आणि किंचित हसल्या. मग टोकाला बसलेल्या सुधन्वाकडे वळल्या, आणि भानुमतीला हेही वाक्य भाषांतर करावं लागलं: वाळवंटात मनाविरुद्ध आलेला माणूस पंपापेक्षा लवकर बिघडतो, म्हणून आम्ही त्याला स्वतःलाच विचारतो. उद्या सकाळी आमचं विमान आहे. त्याआधी हो की नाही, कळवा.

"विचार करून सांगतो," सुधन्वा म्हणाला. मराठीत. त्याला ते समजलंही नाही. भानुमतीनं तेवढं मात्र पूर्ण भाषांतर केलं.

*

परतताना यमुनेवरच्या डीएनडी पुलावर सगळं थांबलं होतं. पुढं लाल दिवे, मागं पांढरे, आणि मधल्या धुक्यात लखनसिंगची गाडी. काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. 

"ती बाई तुला काय म्हणाली?" सुधन्वानं विचारलं.

"कधी?"

"तू एनेर्खिको म्हणालीस, त्याच्यानंतर."

"तुला कळलं ते?"

"विशेषण कळलं. तूच शिकवलंस. कडाडून." तो समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत होता. "त्यानंतर तिनं एक प्रश्न विचारला. त्यात 'उस्तेद' होतं."

"उस्तेद म्हणजे तुम्ही. कंपनीला आदरानं..."

"कंपनी वेगळी आली ना त्यात. एम्प्रेसा. आपल्या पुस्तिकेच्या पानापानावर आहे तो शब्द. आणि मध्ये 'ओ' होतं. ओ म्हणजे किंवा, हेही तूच सांगितलंस." त्यानं बोटानं काचेवर एक रेघ ओढली आणि पुसून टाकली. "तुम्ही किंवा कंपनी. नीरजसरांना तू नुसती कंपनीच दिलीस. बाकीचं कुठं ठेवलंस?"

 हातमोज्याचा अंगठा आता पूर्ण उसवला होता.

"तुला देऊन टाकायचं त्यांचं आधीच ठरलं होतं," ती अखेरीस म्हणाली. "मला माहीत होतं. बाहेर बोलायचं नव्हतं... माझं कन्फर्मेशन..."

"ते मला मीटिंगमध्ये कळलंच." त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच जास्त टोचलं. "मला जायचंय का, हे त्या बाईनं विचारलं. पहिल्यांदा. आपल्याकडच्या कुणी नाही."

"तुला जायचंय?"

"पंप बसवून द्यायला? दोन महिने, आनंदानं. कोरड्या गावाची सवय आहे मला. पण दोन वर्षं..." तो थांबला. "मला वाटलं, कुणीतरी अडवेल. मामी म्हणाली, तिकडे स्वेटर लागतो का बघ. आई म्हणाली, फॉरेन आहे ना, मग जा बाळा. तू म्हणालीस, चांगली संधी आहे."

"ते ऑफिसमधलं वाक्य होतं."

"मला घरातलं हवं होतं."

पुढची बस हलली. गाडी वीतभर सरकली आणि परत थांबली. पुलापलीकडे फाटा होता, मग बारापुल्ला, मग गेट, मग मागचा ब्लॉक आणि पुढचा ब्लॉक. तिथपर्यंत नाही बोलली तर हे कायमचं 'नोंद घेण्यासारखं' राहणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि सकाळी विमान.

तिच्याकडे इंग्रजी वाक्य तयार होतं. हिंदी होतं. स्पॅनिश तर दुपारीच म्हणून झालं होतं, आणि व्याकरणशुद्ध होतं. पण त्या सगळ्यांत ती कुणातरी दुसऱ्याच्या वतीनं बोलल्यासारखी वाटत होती.

"विरोध आहे माझा," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक, की लखनसिंगनं रेडिओ बंद केला.

सुधन्वा वळला. "काय?"

"तुझ्या जाण्याला. दोन वर्षं जाण्याला. कंपनीचा नाही... माझा. विरोध आहे."

"कसा?" त्यानं विचारलं. श्वास रोखून. विशेषण मागत होता तो.

भानुमतीनं मोजा काढून मांडीवर ठेवला. मान वर केली.

"कडकडून."

"कडाडून," सुधन्वा सवयीनं म्हणाला. "विरोध कडाडून करतात. कडकडून म्हणजे..."

तो मध्येच थांबला. चष्म्यावर वाफ आली होती, तरी पुसायचं त्याला सुचेना.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"म्हणजे तुला... तू मुद्दाम..."

"सुधन्वा, मी भाषांतराचं काम करते." तिचे कान लालबुंद झाले होते, पण आवाज आता सरळ होता. "शब्द विचार करूनच निवडते."

त्यानं फोन काढला. घाईत पहिला नंबर मामींना लागला. त्यांना स्वेटर नको म्हणून सांगून त्यानं दुसरा लावला.

"नीरज सर? सुधन्वा. सर, मैं जाऊंगा... दो महीने. पंप लगाके वापस. दो साल को मेरा ऑब्जेक्शन है." पलीकडून काहीतरी बरंच आलं. त्यानं ते ऐकून घेतलं. "हाँ सर, स्ट्रेन्युअस." परत थोडं आलं. त्यानं भानुमतीकडे बघितलं. "कितना? पूरा, सर. सिन्योरा को मैं खुद बोलूंगा, एक शब्द आता है मुझे."

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "तुझ्या कन्फर्मेशनचं काय होईल?"

"विचाराधीन," भानुमती म्हणाली, आणि या वेळी मात्र हसली. दुपारी गिळलेलं सगळं त्या हसण्याबरोबर बाहेर आलं, थोडं डोळ्यांतूनही आलं.

"भानू जी?" पुढून लखनसिंग म्हणाला. की "धनू जी" म्हणाला. त्या दोन शब्दांत त्याला अजूनही फरक कळत नव्हता.

"हाँ?" दोघं एकदमच म्हणाले.

"जाम लंबा है जी. आधा घंटा तो कहीं नहीं गया."

"कोई बात नहीं," सुधन्वा म्हणाला.

लखनसिंगनं मागचं दाखवणारा आरसा हात लावून छताकडे वळवला. नाहीतरी मागं बघण्यासारखं काही नव्हतं, धुकंच होतं. मागच्या सीटवर, मराठीतल्या त्या एकाच विशेषणाचा, विरोध वगळून उरणारा अर्थ समजून घेणं चाललं होतं.